घरखर्चाच्या वहीतली पहिली ओळ

गृहकर्ज घेतलेल्या कुटुंबाच्या जमाखर्चात पहिली ओळ बँकेच्या हप्त्याची असते. एक तारखेला पगार खात्यात येतो, पाच तारखेला हप्ता आपोआप वळता होतो, आणि घराचा महिना खऱ्या अर्थाने सुरू होतो तो सहा तारखेला, उरलेल्या रकमेवर. कर्ज नसलेल्या जुन्या घरातली वही वेगळ्या क्रमाने चाले. आधी वाणसामान, मग दूध, घरभाडे, मुलांच्या फिया, गावाकडची मनिऑर्डर, आणि राहिलेच तर तळाशी पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे पैसे. हा क्रम पालटला आणि त्याबरोबर मध्यमवर्गीय आयुष्याचा क्रमही पालटला.

आधीच्या पिढीत स्वतःचे घर हे निवृत्तीच्या वेळचे काम होते. चाळीतल्या नाहीतर वाड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मुले मोठी होत, शिक्षणे आणि लग्ने उरकत, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी फंडाची व ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आली की शहराच्या कडेला एखादा ब्लॉक घेतला जाई. त्या घरात राहायला अनेकांना फार वर्षे मिळाली नाहीत. हसमुखभाई पारेख यांनी वयाची साठी उलटल्यावर, १९७७ मध्ये, मुंबईत एचडीएफसी स्थापन केली. नोकरदाराला घर उतारवयाऐवजी उमेदीत मिळावे, आणि त्याची किंमत त्याने पगारातून फेडत जावी, ही त्यामागची कल्पना. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली, आणि पुढच्या काळात इतर बँकाही या व्यवसायात जोमाने उतरल्या. तिशीत स्वतःचे घर हा फार मोठा लाभ आहे. मुलांना एकच शाळा, एकच शेजार मिळतो आणि दर अकरा महिन्यांनी टेम्पो बोलवावा लागत नाही. मात्र आधी साठवून मग घर घेणाऱ्या माणसाची चिंता घर घेताच संपत असे. आधी घर घेणाऱ्याची तिथे सुरू होते आणि वीस वर्षे पुरते.

हिशेबाची जागाही या काळात सरकत गेली. पुठ्ठ्याच्या वहीनंतर ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर आली. कालनिर्णय १९७३ पासून घराघरांत पोहोचले, आणि तिथीखालच्या रिकाम्या जागेत घर लिहू लागले. ‘दू. १’ म्हणजे एक लिटर दूध, फुली म्हणजे खाडा, ‘गॅस लावला’, ‘इस्त्री १२’, ‘बाईंना ५०० उचल’. महिनाअखेरीला फुल्या मोजल्या जात, दूधवाल्याच्या आकड्यातून वजा होत आणि मग पैसे हातावर पडत. या चौकोनांचे मोल असे की ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असत. चहा घेता घेता कोणीही वाचावेत. आता खर्चाची नोंद मोबाइलवर आपोआप होते, पै न पै टिपली जाते, पण ती ज्याच्या फोनवर येते त्याच्यापुरती. कर्ज फेडणाऱ्या घरासाठी हा बदल लहान नाही. अशा घराला पैशाइतकीच गरज असते ती सगळ्यांना ठाऊक असलेल्या हिशेबाची.

कर्जाची सुरुवात बहुतेकदा एका कर्जाने होत नाही. ३७ लाख ५० हजारांचा जुना, म्हणजे पुनर्विक्रीचा फ्लॅट आणि ३० लाखांचे कर्ज असे उदाहरण घेतले, तर बँक ८० टक्के देते आणि साडेसात लाख पदरचे घालावे लागतात. पुणे किंवा ठाण्यासारख्या महापालिका क्षेत्रात मुद्रांक शुल्क साधारण ७ टक्के पडते, म्हणजे आणखी २ लाख ६२ हजार ५००. घर स्त्रीच्या नावावर असल्यास राज्याची एका टक्क्याची सवलत मिळते. नोंदणीचे ३० हजार, वकील, दलाल, बँकेची प्रक्रिया फी वेगळी. ताबा मिळाल्यावर ग्रिल, ओटा, पंखे. ही रक्कम उभी करताना फंडातून उचल घेतली जाते, पाटल्या गहाण पडतात, नोकरीतल्या पतपेढीकडे दोन जामीनदार घेऊन अर्ज जातो आणि मामांकडून हातउसने येतात. नव्या घराच्या वास्तुशांतीला पाहुणे जमतात तेव्हा त्या घरावर एकाऐवजी चार कर्जे असतात, आणि त्यांतले फक्त एकच कागदोपत्री गृहकर्ज असते.

त्या गृहकर्जाची घडण मात्र प्रत्येक कर्जदाराने एकदा तरी कागदावर मांडून पाहावी. ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षे: हप्ता २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्याचे व्याजच २१,२५० होते, म्हणून मुद्दलातून जेमतेम ४,७८५ रुपये कमी होतात. वर्षभर नियमाने हप्ते भरून खाते उघडून पाहणाऱ्याला धक्का बसतो तो यामुळे. हप्त्यात व्याज आणि मुद्दल निम्मे-निम्मे व्हायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. वीस वर्षांत एकूण साधारण साडेबासष्ट लाख भरले जातात आणि त्यातले सुमारे साडेबत्तीस लाख व्याज असते. यात बँकेची लबाडी कुठेही नाही. शिल्लक मुद्दल मोठे असताना व्याज मोठे असणारच. पण याच कारणाने पहिल्या पाच-सात वर्षांत जादा भरलेला रुपया शेवटच्या वर्षांतल्या रुपयापेक्षा कितीतरी अधिक काम करतो. आणि नेमकी हीच वर्षे कुटुंबाच्या सर्वांत ओढाताणीची असतात: मूल लहान, पगार मध्यम, आई-वडील थकत चाललेले.

हातात ६५ हजार येत असतील तर हप्ता ४० टक्के घेऊन जातो आणि सुमारे ३९ हजार राहतात. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, वाणसामान, भाजी, दूध, वीज, गॅस, प्रवास आणि गावाकडे पाठवायचे पैसे निघतात, आणि काटकसरीने बसतातही. बहुतेक घरे अडतात ती वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांवर. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश, रेनकोट. मग गणपती, दिवाळी, विम्याचे हप्ते, मालमत्ता कर, गाडीची सर्व्हिसिंग. हे खर्च तारखेसकट माहीत असतात, तरीही दरवर्षी अचानक आल्यासारखे वाटतात, आणि दरवर्षी त्यांच्यासाठी कार्ड घासले जाते. ते सगळे एकत्र लिहून बाराने भागायचे आणि तेवढी रक्कम हप्त्याच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची, हा घरखर्चातला सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगाचा नियम. वर्षाचा हा खर्च ७२ हजार असेल तर महिना ६ हजार. भिशी लावणाऱ्या बायकांना हे फार पूर्वीपासून कळले होते. कोणाची भिशी जूनमध्ये लागावी आणि कोणाची दिवाळीत, हे त्या गरज पाहून ठरवत.

अनेक कर्जांपैकी आधी कोणते फेडावे, याचे उत्तर व्याजदर देतो, पण सगळे उत्तर तो देत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी सर्वांत आधी संपवावी, यात दुमत नको. तिच्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक व्याज लागते. ५० हजारांची बाकी पुढे ढकलली की महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावर वस्तू व सेवा कर. रोज एक लिटर घेणाऱ्या घराचे महिन्याचे दूध तेवढ्यात येते. शिवाय बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरून कर्ज फिटत नाही, फक्त खाते थकीत होत नाही. त्यानंतर हिशेब शिकवतो की पतपेढीचे आणि वैयक्तिक कर्ज घ्यावे. इथे मात्र मामांचे हातउसने मध्ये घालणे योग्य. त्यावर व्याज नाही, पण त्यांच्या घरातही कोणाची तरी फी भरायची असते, आणि त्यांनी मागण्याआधी दिलेले पैसे नाते शाबूत ठेवतात. पतपेढीचा हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे तो डोळ्यांआड राहतो आणि निमूटपणे संपतो. व्याजाच्या कर्जांत गृहकर्जाचा दर सर्वांत कमी, म्हणून जादा पैसे त्यात भरण्याची पाळी शेवटी.

घर खरे मोडते ते लपवलेल्या कर्जाने. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारे छोटे कर्ज, कार्डावर काढलेली रोख, मित्रासाठी राहिलेले जामीनपण: यांतले काही घरात बोलले जात नाही आणि व्याजासकट वाढते. उलट बाजूने, घरखर्च चालवणाऱ्या कितीतरी स्त्रियांना गृहकर्जाची शिल्लक किती हे ठाऊक नसते, जरी सहकर्जदार म्हणून सही त्यांचीही असते. डाळीच्या डब्यातले पैसे हा त्यांचा स्वतंत्र राखीव निधी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा असे डबे घरोघरी उघडले गेले आणि वर्षानुवर्षांची ती बचत सगळ्यांसमोर आली. ती साठवणाऱ्या बाईला तेव्हा खुलासा करावा लागला, ही खेदाची गोष्ट आहे, कारण ती पुंजी घराच्या पुढच्या आजारपणासाठीच होती. महिन्यातून एकदा दोघांनी बसून कर्जाची शिल्लक, कार्डाचे बिल आणि डब्यातली रक्कम एकाच कागदावर लिहिणे कुठल्याही ॲपपेक्षा अधिक उपयोगी पडते. दहावीतल्या मुलांनाही तो कागद दाखवावा. हप्ता किती हे ठाऊक असलेले मूल सहलीचे पैसे मागताना घाबरत नाही आणि नकार आला तर कारण समजून घेते.

हप्त्याची रक्कम वीस वर्षे तीच राहील असे धरणे चुकीचे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडली गेली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ७ टक्क्यांनी नुकतेच ३० लाख घेतलेल्या कुटुंबाचा हप्ता २३,२५९ होता, दर ९.५ झाल्यावर महिन्याचे व्याजच त्याच्या पुढे गेले. हप्ता तोच ठेवला तर कर्ज कमी होण्याऐवजी वाढणार. अनेक ठिकाणी हप्ता तसाच राहिला आणि मुदत लांबत गेली, साठीच्याही पलीकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर स्पष्ट नियम केले: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे विचारले पाहिजे. त्याआधी २०२० च्या टाळेबंदीत सहा महिने हप्ते न भरण्याची मुभा होती, पण व्याज थांबले नव्हते. नव्या कर्जाला ती सवलत दोन वर्षांहून अधिक महाग पडली. ज्यांचा पगारच बंद झाला त्यांना ती घ्यावी लागली, आणि त्यांनी योग्यच केले. ज्यांचा पगार चालू होता त्यांनी ती घ्यायला नको होती. तीन ते सहा हप्त्यांइतके पैसे बाजूला असलेल्या घराला अशा वेळी निवड करता येते. कर्जाएवढा मुदत विमा हाही त्याच संरक्षणाचा भाग. त्याविना कमावत्याच्या मागे घरच्यांकडे हप्ते राहतात.

ही तजवीज झाल्यावर बोनस, थकबाकी, रजेचे रोखीकरण असे पैसे मुद्दलात भरावेत. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही. वरच्या ८.५ टक्क्यांच्या उदाहरणात दरवर्षी फक्त एक जादा हप्ता भरला तर कर्ज सव्वातीन वर्षे आधी संपते आणि सुमारे सहा लाखांचे व्याज वाचते. जादा रक्कम भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असे लेखी सांगावे. करसवलतीसाठी कर्ज ठेवावे हा सल्ला अजून दिला जातो. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत तीही नाही. आणि सर्वांत वरच्या ३० टक्के दराने कर भरणाऱ्यालाही बँकेला दिलेल्या रुपयातले सुमारे ७० पैसे परत मिळत नाहीत.

शेवटचा हप्ता गेला तरी काम संपत नाही. बँकेकडून बाकी नसल्याचा दाखला आणि मूळ कागदपत्रे घ्यावी लागतात: करारनामा, इंडेक्स टू, आधीच्या खरेदीखतांची साखळी. सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत ती परत द्यावी लागतात. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. सोसायटीच्या दफ्तरातला बँकेचा बोजा उतरवावा, गहाणाची नोंद जिथे जिथे झाली तिथून ती काढून घ्यावी, खात्यावरचे आपोआप वळतीचे आदेश रद्द करावेत आणि दोन महिन्यांनी पतअहवालात कर्ज बंद दिसते का ते पाहावे. तोवर कर्जदार पन्नाशीत आलेला असतो आणि निवृत्तीला थोडी वर्षे राहिलेली असतात. सुटलेली रक्कम खर्चात विरघळण्याआधी त्याच तारखेला निवृत्तीच्या बचतीकडे वळवावी. सव्वातीन वर्षे लवकर मोकळ्या झालेल्या घराकडे, २६,०३५ रुपयांच्या हिशेबाने, तेवढ्या काळात दहा लाखांहून अधिक रक्कम व्याज न धरताच जमते.