एक स्विच, दोन मोहल्ले

आपल्या छावणीची गंमत म्हणजे शहर कुठे संपलं आणि छावणी कुठे सुरू झाली, हे रस्त्याकडे बघून कळत नाही. डांबर तेच, रिक्षा त्याच, मध्ये भिंत नाही. पण कागदावर एक रेघ आहे. तिच्या अलीकडे कॅन्टोन्मेंट बोर्ड, पलीकडे महापालिका. मामांना व्हीलॅन समजावताना मी हीच रेघ वापरली, कारण माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीत ‘ब्रॉडकास्ट डोमेन’ला शब्दच नव्हता.

मामांचं इथे झेरॉक्सचं दुकान आहे. गुरुवारच्या बाजाराला आलेली माणसं आधार कार्ड, सातबारा, मुलांच्या मार्कशीट घेऊन येतात. सगळ्यांचे स्कॅन एकाच कॉम्प्युटरवर साठतात. थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी फुकट वाय-फाय, आणि दोन्हींच्या वायरी एकाच साध्या स्विचमध्ये! असा स्विच ‘हा पत्ता कोणाचा?’ ही हाक सगळ्या पोर्टांवर पोचवतो. म्हणजे बाकावर बसलेला कोणीही मोबाईलवरून त्या कॉम्प्युटरचं दार वाजवू शकतो. वेगळे आयपी नंबर दिले की झालं, असं बरेच जण म्हणतात. पण नंबर हाताने बदलता येतो, वायर तीच राहते.

शेवटी आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच घेतला. दुकानाचे पोर्ट व्हीलॅन १० मध्ये टाकले, वाय-फायचा २० मध्ये. आता १० मधली हाक २० ला ऐकूच जात नाही, जणू एका डब्यात दोन स्विच. रेघ फक्त सेटिंगमध्ये.

खरी मजा ट्रंक पोर्टवर आहे. राउटरकडे जाणारी वायर एकच, मग कोणाचं काय हे कळणार कसं? त्यासाठी आयईईईचं ८०२.१क्यू हे स्टँडर्ड १९९८ मध्ये आलं. स्विच फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग घालतो, त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या नंबरासाठी. ४०९६ पैकी पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. (मामांना दोन पुरे!) कॉम्प्युटरकडे जाताना स्विच टॅग काढून घेतो, त्यामुळे त्या बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं.

मात्र टॅग म्हणजे कुलूप नव्हे. राउटरला दोन्ही मोहल्ले माहीत असतात, आणि मनाई केली नाही तर तो इकडचं तिकडे बिनदिक्कत पोचवतो. ती मनाई लिहिली, तेव्हा कुठे बाकावरून कॉम्प्युटर दिसायचा बंद झाला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे गं, पण आता गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरून प्रिंट कशी निघणार?”

प्रश्न बरोबर होता. प्रिंटरही १० मध्येच होता. मग राउटरवर २० मधून फक्त प्रिंटरच्या पत्त्याकडे, तेही छपाईपुरतीच, एक फट ठेवली.