शाईचा ठिपका

शिक्षकी पेशांत असतांना निवडणुकीचें काम आमच्या वांट्यास वारंवार आलें. मतदारांच्या डाव्या तर्जनीवर आम्हीं किती वेळां शाई लाविली, याची गणती नाहीं. म्हैसुरास तयार होणारी ही शाई १९६२ सालच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरांत आली.

सेवानिवृत्तीनंतर मात्र आम्ही पुण्यांतील इतर विद्वानांसारखेच आळशी झालों. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं विधानसभेचें मतदान होतें. चहा घेतां घेतां ‘एका मतानें काय होणार?’ हा सिद्धान्त आम्ही सूनबाईंस समजावून देत होतों. इतक्यांत धुणेंभांडीं करणाऱ्या बाई आल्या. उशिराचें कारण आम्हीं किंचित् रागानेंच विचारलें.

“गुरुजी, रांगेत उभी होते,” बोट पुढें करीत त्या म्हणाल्या. “तिथं मला कुणी मागच्या दारानं ये म्हणत नाही.”

आमच्याकडे त्या नेहमीं मागील दारानेंच येत. आम्ही निरुत्तर झालों. विद्वान व निरक्षर यांच्या मतांचें वजन सारखेंच, असें प्रौढ मताधिकाराचा पाठ शिकवितांना आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. त्याचा अर्थ आम्हांला त्या सकाळीं कळला.

तसेच उठून आम्ही मतदान करून आलों. दुसऱ्या दिवशीं बाईंना म्हटलें, “आजपासून पुढच्या दारानं येत जा.” मत द्यावयास आम्हांला अर्धा तास लागला, हें एक वाक्य बोलावयास मात्र साठ वर्षें लागलीं. सुज्ञ वाचकांनीं आपापलीं दारें एकवार पाहावींत.