दोन्ही टोकं न दिसणारा भूतकाळ

फ्रेंचच्या वर्गात अँपार्फे हा काळ साधारणपणे दोन वाक्यांत उरकला जातो. क्रिया भूतकाळात लांबलेली किंवा वारंवार घडलेली असेल तर अँपार्फे, एकदाच घडून संपलेली असेल तर पासे काँपोझे. अकरावी-बारावीला गुण चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांना हा नियम तोंडपाठ असतो. तो त्यांना मिळतो इंग्रजीतून, ‘वॉज डुइंग’ आणि ‘यूज्ड टू’ या जोडीच्या आधाराने. फ्रेंच शिकताना, आणि नंतर वाचताना तर जास्तच, मला जाणवत गेलं की हा नियम चुकीच्या जागी बोट ठेवतो. क्रिया किती वेळ चालली आणि किती वेळा झाली याच्याशी अँपार्फेचा संबंध वरवरचा आहे. खरा प्रश्न बोलणारा त्या क्रियेकडे कुठून पाहतो हा आहे. मिरवणुकीत चालणाऱ्याला तिची सुरुवात दिसत नाही आणि शेवटही दिसत नाही, गच्चीवरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही टोकं दिसतात. अँपार्फे हा मिरवणुकीतल्या माणसाचा काळ आहे. मराठीत वाढलेल्या कानाला हे इंग्रजीची मध्यस्थी न घेता जास्त लवकर कळतं, असं माझं म्हणणं आहे. मात्र हाच कान एके ठिकाणी फसवतो, तेही सांगायला हवं.

रूपांबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. फ्रेंच क्रियापदांच्या रानात इतका सरळ काळ दुसरा नसेल. वर्तमानकाळातलं ‘नू’चं, म्हणजे ‘आम्ही’चं रूप घ्यायचं, त्याचा शेवटचा ‘आँ’ काढायचा आणि उरलेल्या धातूला सहा प्रत्यय लावायचे. नू फिनिसाँ, म्हणून झ फिनिसे. नू ब्युव्हाँ, म्हणून झ ब्युव्हे. वर्तमानकाळात वाटेल तसं वळणारं क्रियापदही इथे शिस्तीत येतं. अपवाद एकच, ‘असणे’ या अर्थाचं ‘एत्र’. त्याचं ‘नू सोम’ हे रूप मुळात ‘आँ’ने संपतच नाही, मग काढणार काय? अडचण येते ती कानाला. सहापैकी चार प्रत्यय लिहायला वेगळे असले तरी उच्चारात सारखेच: मी, तू, तो आणि ते यांची रूपं ऐकून ओळखू येत नाहीत, सर्वनामावरच भिस्त ठेवावी लागते. त्याहून वाईट म्हणजे ‘मी खात होतो’ हे ‘झ माँझे’ आणि ‘मी खाल्लं’ हे ‘झे माँझे’. शेवटच्या स्वरात फरक आहे, पण अनेक फ्रेंच लोकच तो नीट पाळत नाहीत. ज्या भेदासाठी वर्गात तास खर्ची पडतात तो रस्त्यावरच्या बोलण्यात एका आखूड स्वरावर तोललेला असतो. (या प्रत्ययांचं लेखनही पूर्वी वेगळं होतं. मोलिएरच्या काळात ते ‘ओआय’ने लिहीत. व्होल्तेरने ‘एआय’चा आग्रह धरला, आणि फ्रेंच अकादमीने आपल्या कोशात तो मान्य केला तो 1835 मध्ये, व्होल्तेर जाऊन अर्धशतक उलटून गेल्यावर.)

आता लांबीचा नियम तपासू. चौदावा लुई 1643 ते 1715, म्हणजे 72 वर्षं गादीवर होता. यापेक्षा लांबलेली क्रिया आणायची कुठून? तरीही ‘त्याने 72 वर्षं राज्य केलं’ हे फ्रेंचमध्ये सांगताना पासे काँपोझे येतो, पुस्तकी लेखनात पासे सँप्ल येतो, अँपार्फे येत नाही. कारण 72 हा आकडा उच्चारला की दोन्ही टोकं बांधली जातात. उलट ‘आठ वाजले होते’ यात घड्याळाचा एक क्षण आहे, तो लांबायला जागाच नाही, आणि इथे फ्रेंच हमखास अँपार्फे वापरते: इल एते व्हित अर. पुनरावृत्तीचंही तेच. ‘हे पुस्तक मी दहा वेळा वाचलं’ यात दहा वेळांची आवृत्ती आहे, तरी पासे काँपोझे. ‘दर उन्हाळ्यात हे पुस्तक वाचायचो’ यात अँपार्फे. मोजून संपवलेली आवृत्ती आणि न मोजलेली आवृत्ती, एवढाच फरक. यातलं प्रत्येक वाक्य मराठीत आपोआप बरोबर पडतं, याची गंमत वाटते. लुईने ‘72 वर्षं राज्य केलं’ असंच आपण म्हणतो; ‘72 वर्षं राज्य करत होता’ हे कानाला खटकतं. पुस्तक दहा वेळा ‘वाचलं’ आणि दर उन्हाळ्यात ‘वाचायचो’. जो भेद मुलांना इंग्रजी नियमातून घोकावा लागतो, तो त्यांच्या तोंडात लहानपणापासून बसलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, मग मराठीतून भाषांतर करत सुटा, काम झालं. तसं होत नाही. एक म्हणजे मराठीने जे तीन घरांत वाटलं आहे ते फ्रेंचने एकाच घरात ठेवलं आहे. लिहीत होतो, लिहीत असे, लिहायचो. आपल्या व्याकरणात अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ वेगळे, पण फ्रेंचला तिन्हींसाठी एकच ‘झेक्रिव्हे’ पुरतं. त्या संध्याकाळी की दर संध्याकाळी, हे शेजारचे शब्द सांगतात. हे फार जड जात नाही, अनेकाकडून एकाकडे जाणं सोपं असतं. जड जातं ते ‘होता’. ‘तो आजारी होता’ आणि ‘तो दोन दिवस आजारी होता’ या दोन्हींत आपलं क्रियापद एकच. फ्रेंचमध्ये पहिल्याला ‘इल एते मालाद’, दुसऱ्याला ‘इल आ एते मालाद’. दोन दिवस म्हटलं की आजारपणाला कुंपण पडलं, आणि लुईच्या 72 वर्षांचाच न्याय इथे लागला. पण मराठी ‘होता’ हे कुंपण दाखवत नाही, त्यामुळे मराठी माणूस जन्मभर ‘एते’कडे ओढला जातो. उलट ‘मला माहीत होतं’ आणि ‘मला कळलं’ यांना आपण दोन क्रियापदं वापरतो, तर फ्रेंच एकाच ‘साव्ह्वार’चा काळ बदलून काम भागवते: अँपार्फेत माहीत असणं, पासे काँपोझेत कळण्याचा क्षण. थोडक्यात, मराठी दृष्टी देते, रूपं देत नाही. इंग्रजीचा नियम रूपांची जोडी देतो आणि दृष्टी झाकून टाकतो. या दोन सौद्यांत मला पहिला बरा वाटतो.

सगळ्यात मोठा आक्षेप मात्र फ्रेंच लेखकांकडूनच येतो. ‘5 मे 1821 रोजी सेंट हेलेना बेटावर नेपोलियन मूरे’: मरण पावला, पण अँपार्फेत. तारीख आहे, जागा आहे, मरणाइतकी संपलेली दुसरी क्रिया नाही, आणि तरी हा काळ. वर्तमानपत्रांत, चरित्रांत, खेळांच्या वार्तांकनात असा प्रयोग सर्रास दिसतो. सिमनाँच्या रहस्यकथांतून तो पानोपानी भेटतो. मग आतून पाहण्याचा सिद्धांत कोलमडला का? मला तसं वाटत नाही. तारखेने बांधून टाकलेल्या घटनेवर लेखक मुद्दाम न बांधणारा काळ चढवतो, आणि वाचक क्षणभर त्या खोलीत अडकून राहतो. हा परिणाम साधतो तो नेहमीचा संकेत वाचकाच्या अंगात मुरलेला असल्यामुळेच. अँपार्फेचा अर्थ खरोखर ‘लांब किंवा वारंवार’ असता, तर हे वाक्य नुसतं चुकीचं ठरलं असतं. हाराल्ड व्हाइनरिख या जर्मन अभ्यासकाने 1964 च्या ‘टेम्पुस’ या ग्रंथात कथनाची पार्श्वभूमी अँपार्फेत आणि पुढे सरकणाऱ्या घटना पासे सँप्लमध्ये अशी मांडणी केली. कथा-कादंबऱ्या वाचताना ती फार उपयोगी पडते, पण नेपोलियनच्या मरणाला पार्श्वभूमी म्हणणं मला जमत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे, कारण त्यात भूतकाळच नाही. ‘माझ्याकडे पैसे असते तर’ यातलं ‘असते’ फ्रेंचमध्ये अँपार्फे असतं. ‘सिनेमाला गेलो तर?’ ही सूचना अँपार्फेत. ‘मला तुम्हाला विचारायचं होतं’ हे आर्जव अँपार्फेत, विचारायचं अजून बाकी असताना. फ्रेंच मुलं खेळ सुरू करण्याआधी ‘तू चोर, मी राणी’ अशी वाटणी करतात, तीही अँपार्फेत. इथे आतून-बाहेरून पाहण्याची कल्पना ताणून धरली तर ती फाटेल. हे सारं एकत्र बांधणारी गोष्ट दुसरी आहे, ती म्हणजे आत्ताच्या क्षणापासून घेतलेलं अंतर. पैसे इथे नाहीत, राणी इथे नाही, माझी विनंतीही मी दोन पावलं मागे ठेवून करतो. मराठीत संकेतार्थासाठी आपण वेगळं रूप वापरतो. पण आर्जवाच्या बाबतीत आपण फ्रेंचांचे सख्खे शेजारी. कोणाच्या दारात उभं राहून ‘तुमच्याकडे एक काम होतं’ असंच आपण म्हणतो, आणि ते काम संपलं असा अर्थ कोणी घेत नाही. तेव्हा माझा सिद्धांत या टोकाला अपुरा पडतो, हे कबूल. लांबी-आवृत्तीचा नियम मात्र इथे एक पाऊलही टाकू शकत नाही.

आणि शेवटी फ्लोबेर, कारण त्याच्यावाचून अँपार्फेची गोष्ट पुरी होत नाही. ‘मादाम बोव्हारी’ या त्याच्या कादंबरीत नायिका एम्मा हिच्या मनातले विचार ‘ती म्हणाली’, ‘तिला वाटलं’ यांची चौकट न देता सरळ निवेदनात येतात, आणि येतात ते अँपार्फेत. वाक्य तृतीयपुरुषी, काळ भूत, पण डोळे एम्माचे. 1857 मध्ये या कादंबरीवर नीतिमत्तेला बाधा आणल्याचा खटला झाला, तेव्हा सरकारी वकील पिनार याने व्यभिचाराची महती गायल्याचा आरोप लेखकावर केला. एम्माच्या डोळ्यांनी पाहिलेलं लेखकाच्या माथी मारणं या शैलीत सोपं होतं, कारण कोण बोलतंय हे हा काळ सांगत नाही. फ्लोबेर 7 फेब्रुवारीला सुटला. पुढे 1920 मध्ये प्रूस्तने त्याच्या शैलीवर लेख लिहिला, तेव्हा या अँपार्फेचा मुद्दाम गौरव केला. मराठीत ही युक्ती जशीच्या तशी उतरत नाही. आपल्याकडे मनातलं बोलणं काळ बदलून मागे जात नाही: ‘तो येणार की नाही? आता काय करायचं?’ असं ते वर्तमानातच राहतं. अनुवादकाने फ्रेंचशी इमान राखून ‘तो येणार होता की नाही?’ असं लिहिलं, तर मराठी वाचकाला ते निवेदकाचं वाक्य वाटतं आणि एम्मा हातची निसटते. ‘तो येणार की नाही?’ लिहिलं तर एम्मा सापडते, पण लेखकाचा आवाज गळतो, आणि पिनारला घोटाळ्यात टाकणारी दुहेरी झाक जाते. मला विचाराल तर दुसरी वाट धरावी. दोन्ही टोकं नजरेआड ठेवणं हे त्या काळाचं मूळ काम, आणि मराठीत ते काम अशा जागी वर्तमानकाळच करतो.