आवडणारे ते काय?

स्पॅनिशचं पहिलं पुस्तक घेऊन मी बाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो, तेव्हा त्यांना त्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता. पिंपळगावात शाळेत त्यांनीच आम्हाला मराठीचं व्याकरण शिकवलं होतं. मी तेव्हा द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होतो. पेरू आणि चिलीची द्राक्षंही जगभर जातात. तिथले बागायतदार काय बोलतात, ते त्यांच्याच भाषेत समजून घ्यायची मला ओढ होती. पण इंग्रजीतून शिकवणारं ते पुस्तक पाचव्या धड्यापुढे सरकत नव्हतं.

वाक्य होतं, 'मे गुस्तान लास उवास'. मला द्राक्षं आवडतात. यात 'मी' कुठे गेला आणि क्रियापद अनेकवचनी का, हे काही केल्या उमगेना. बाईंनी एकेका शब्दाचा अर्थ विचारून घेतला.

"अरे, वर्गात काय विचारायचे मी? आवडणारे ते काय?"

"द्राक्षं."

"मग कर्ता तीच. ती अनेक, म्हणून 'आवडतात'. आणि 'मे' म्हणजे आपलं 'मला'. हे इंग्रजीला कशाला विचारत बसलास?"

त्यानंतर दर रविवारी मी धडा वाचायचो आणि बाई तो मराठीत लावून द्यायच्या. 'हाब्लो' म्हणजे बोलतो. त्याला वेगळा 'मी' लागत नाही, कारण 'येशील का?' यातला 'तू' जसा प्रत्ययात असतो, तसाच तोही. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नामं नाहीत. टोमॅटो तिकडेही पुल्लिंगी, पण कांदा होतो 'ला सेबोया' आणि द्राक्ष 'ला उवा', दोन्ही स्त्रीलिंगी. निर्जीव वस्तूला लिंग कसं, हा प्रश्न मला पडलाच नाही. भिंत ती आणि दगड तो, हे आपण बोलायला लागल्यापासून म्हणतो.

एका ठिकाणी मात्र मराठी पुरेना. आपल्या एका 'आहे'साठी तिकडे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं. बाईंनी आठवडाभर विचार केला. बाजार समितीत टोमॅटोचे लिलाव चालू होते.

"लांबच्या गाडीला भरलेल्या कॅरेटमधला टोमॅटो कसा असतो?"

"हिरवट."

"तो हिरवा आहे म्हणजे अजून पिकायचा आहे. आणि मेथी हिरवी आहे, तो तिचा रंगच. तुझी दोन क्रियापदं इथे बसतात का बघ."

बसली. टोमॅटोला 'एस्ता वेर्दे', मेथीला 'एस वेर्दे'.

नेब्रिहाने स्पॅनिशचं व्याकरण 1492 साली छापलं, हे मी सांगितलं तेव्हा बाईंनी कपाटातून मोरो केशव दामल्यांचं 1911 सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' काढलं आणि माझ्या पुस्तकाशेजारी ठेवलं. म्हणाल्या, "दोन्ही उघडी ठेवून वाच."

बाई आज नाहीत. पुढे पेरूच्या एका बागायतदाराशी मी छाटणीबद्दल तासभर स्पॅनिशमध्ये बोललो, ते ऐकायलाही त्या नव्हत्या. त्यांनी फी घेतली नाही. घेतली असती तरी हे ऋण फिटणारं नव्हतं.

परकी भाषा शिकायला बसणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे: शाळेतलं मराठीचं व्याकरण आधी पुन्हा वाचा, आणि ते शिकवणाऱ्या बाई हयात असतील तर त्यांना भेटून या.