कडेवरचं पोर

नानांनी मला कधी कडेवर घेतल्याचं आठवत नाही. आईला विचारलं की ती हसायची. म्हणायची, "आबांसमोर कसे घेतील?" आबा म्हणजे आजोबा. वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःचं मूल उचलणं हा त्या काळी चक्क निलाजरेपणा होता. भावाचं पोर खेळवावं, बहिणीचं अंगाखांद्यावर घ्यावं. आपलं रडायला लागलं तर "अगं, बघ याला" म्हणून आत हाक मारावी. आबा गेल्यावर तरी नाना बदलतील असं आम्हाला वाटायचं, पण तोवर सवय हाडात मुरली होती. ओट्यावर त्यांची चप्पल वाजली की घर गप्प व्हायचं आणि आम्ही पाढ्यांची पुस्तकं उघडायचो. पुस्तक उलटं आहे की सुलटं, हे नंतर पाहायचो.

नाना प्राथमिक शिक्षक. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि वर्षभरात त्यांची बदली अक्कलकुव्याला झाली. तेव्हा जिल्हा धुळे. नंदुरबार वेगळा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावं लागलं. शहाद्याच्या सपाटीवरून आलेल्या आम्हाला अक्कलकुवा म्हणजे जगाचं टोक वाटलं. एसटी इथवर यायची. पुढं देवगोईचा घाट चढून मोलगीला जायचं तर पायी, नाही तर नशिबानं भेटलेल्या लाकडाच्या ट्रकवर.

बाजाराच्या दिवशी तो घाट उतरून माणसं यायची. बाईच्या डोक्यावर टोपलं असायचं, त्यात मोहाची फुलं किंवा चारोळी, उन्हाळा असेल तर आमचूर. आणि पुरुषाच्या खांद्यावर पोर. दोन्ही पाय बापाच्या छातीवर सोडलेले, मुठीत बापाचे केस. सोरापाड्याच्या बाजूनं अशा बापांची रांगच्या रांग यायची. दुकानासमोर उकिडवं बसून बाप पोराला भजी भरवायचा, त्याचं नाक धोतराच्या सोग्याला पुसायचा, झोप आली तर मांडीवर घेऊन तसाच भाव करत राहायचा. आमच्या गल्लीतल्या बायका पदरात तोंड लपवून हसत. मी हसत नव्हतो. मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. हे मी नानांना कधी सांगितलं नाही.

जूनमध्ये शाळेत नाव घालायला हे बाप येत. नाना दाखल रजिस्टर उघडून बसत. मुलाचं नाव बहुतेक वारावरून ठेवलेलं: सोम्या, मंगल्या, शुक्र्या. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसे, म्हणून नाना सरसकट १ जून लिहीत. त्या एका तारखेला महाराष्ट्रातली केवढी तरी माणसं कागदोपत्री जन्मली आहेत! मग बापाचं नाव आणि शेवटी अंगठा. आईच्या नावाला रकानाच नव्हता. एकदा एक जण थोरल्याला दाखल करायला आला, तेव्हा धाकटं तान्हं त्यानं फडक्याच्या झोळीत पाठीला बांधलं होतं. ते रडायला लागलं तसं नाना वैतागले. "घरात बाईमाणूस नाही का?"

"बाजारात गेली," तो म्हणाला. "पोर दोघांचं हाय ना, गुरुजी?"

नानांनी ते रात्री जेवताना विनोद म्हणून सांगितलं. आई हसली नाही. ती भाकरी थापत राहिली.

डोंगरातला बाप देवमाणूस होता असं मात्र मी म्हणणार नाही. दारू पिऊन बायकोला मारणारे त्याच रांगेत असायचे. तळोद्याकडच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडा, रोज अंघोळ करा, एकमेकांना 'आप' म्हणा असं सांगत १९३०च्या दशकात हजारो आदिवासी गोळा केले, ते काही उगाच नव्हे. शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या श्रमिक संघटनेतल्या बायकांनी सत्तरच्या दशकात दारूची मडकी फोडली, तीही उगाच नव्हे. पण पोर खांद्यावर घेण्यात त्या पुरुषांना काही कमीपणा वाटत नव्हता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

याचा अर्थ लावायला मला पुणं गाठावं लागलं. नोकरी लागल्यावर एका ग्रंथालयात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांच्या पुस्तकांच्या यादीत पश्चिम खानदेशातल्या भिल्लांच्या पाहणीचं नाव दिसलं, साल १९६१. म्हणजे नाना ज्या मुलखात हजेरी घ्यायला गेले, तिथल्या माणसांवर ही बाई त्याच्या आधीच लिहून मोकळी झाली होती! मग मी त्यांचं हाती लागेल ते वाचत गेलो. डेक्कन कॉलेजात त्या १९३९ पासून होत्या, पण खुर्चीत बसून संशोधन करणाऱ्यांतल्या नव्हत्या. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा १९५३चा ग्रंथ तर कोण कुणाला काय हाक मारतो, कुणाशी लग्न चालतं, कुणाशी नाही, अशा साध्या प्रश्नांवर उभा आहे. आमच्याकडे मामाची मुलगी चालते आणि आत्याची नको म्हणतात, यामागे एवढा मोठा नकाशा असेल हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पितृत्वाचा झेंडा घेऊन त्या कुठं फिरल्या नाहीत. पण बाप म्हणजे कोण, हा प्रश्न त्यांना सुटला नसावा असं मला वाटतं. जन्म ब्रह्मदेशातला, बाप तिकडेच नोकरीला. ही सात वर्षांची पोर पुण्यात हुजूरपागेत आली आणि वाढली रँग्लर परांजप्यांच्या घरात. महाभारतावरच्या त्यांच्या 'युगान्त'मध्ये 'पितापुत्र' नावाचा लेखच आहे. युधिष्ठिराचा बाप यमधर्म की विदुर, असा तो प्रश्न. मरताना विदुर योगबळानं युधिष्ठिराच्या देहात शिरतो, तो प्रसंग त्यांनी असा काही उलगडला आहे की महाभारतातला तो गप्प बसणारा काका एकदम बाप दिसू लागतो. उघडपणे मुलाला कधी जवळ घेता न आलेला बाप. मी तो लेख वाचला त्या रात्री मला आबांसमोर बसलेले नाना आठवले.

इरावतीबाईंच्या स्वतःच्या घरी वेगळाच कारभार होता. नवरा फर्ग्युसनचा प्राचार्य, सासरे महर्षी कर्वे, आणि मुलं बापाला 'दिनू' म्हणून हाक मारत. आमच्याकडे कुणी नानांचं नाव नुसतं उच्चारलं असतं तरी दोन दिवस जेवण मिळालं नसतं.

यंदा होळीला अक्कलकुव्याला गेलो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर ट्रकांची रीघ, जामिया या शिक्षणसंस्थेच्या भल्यामोठ्या इमारती, जिथं उंबराखाली एसटीची वाट पाहायचो तिथं मोबाइलची दुकानं. काठी गावची राजवाडी होळी पाहिली. कमरेला भोपळे नि डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले बुध्ये रात्रभर नाचत होते. पालनी, म्हणजे होळीचं व्रत, पाळणारे बाप अजून आहेत. पण दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांपैकी पुष्कळ जण होळीपुरते आले होते आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसले. पोरं आजीकडे. ज्या बापाच्या खांद्यावरून अख्खा बाजार दिसायचा, तो आता कित्येक महिने व्हिडिओ कॉलवर दिसतो, तोही डोंगरात रेंज असेल तर. वरच्या पाड्यांवरून गरोदर बाईला बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात, त्या झोळीचं पुढचं टोक अजूनही बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याच्याच खांद्यावर असतं. तेवढं बदललेलं नाही आणि तेवढं तरी बदलायला हवं होतं.

एसटी स्टँडवर एक तरुण जोडपं होतं. तो शिक्षक असावा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बाळ बायकोच्या कडेवर, पिशवी बायकोच्या हातात, आणि हा चार पावलं पुढं. बाळ रडलं तेव्हा त्यानं वळून नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. नानांची होती. साठ वर्षं आमच्या गुरुजी मंडळींनी इथं जे जे शिकवलं, त्यात हेही आलं, पाठ्यपुस्तकात नसताना.

इकडे पुण्यात माझा मुलगा लेकीला छातीला बांधून भाजी आणायला जातो. ते बांधायचं पट्ट्यांचं साधन त्यानं ऑनलाइन मागवलं, अडीच हजाराला. सोसायटीतल्या बायका कौतुक करतात. हरीश सदानींची 'मावा' संस्था १९९३ पासून मुंबईत पुरुषांशी याच गोष्टी बोलत आली आहे. तेव्हा पोर सांभाळणाऱ्या पुरुषांना लोक बायल्या म्हणत, आता फोटो काढतात. मुलाला मी सांगितलं, ही झोळी मी अक्कलकुव्याला पाहिली आहे, फुकटात. त्याला तो टोमणा वाटला. पण खरं सांगायचं तर नातीला उचलायला मी गेलो की माझे हात अजून इकडेतिकडे कुणी वडीलधारं बघतंय का, म्हणून अडखळतात. आता त्या घरात वडीलधारा मीच आहे.

नानांच्या शाळेतही जाऊन आलो. मुख्याध्यापकांनी आपुलकीनं जुनी रजिस्टरं काढून दिली. नव्या रजिस्टरात आईच्या नावालाही रकाना आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावापुढं तर सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं, मग बापाचं; माझ्या नातीचंही तसंच आहे. जुन्या रजिस्टरात मी माझं नाव शोधलं. माझी जन्मतारीख खरी लिहिलेली होती. प्रवेशअर्ज जपून ठेवला होता. त्यावर पालकाची सही नानांची आणि दाखल करून घेणाऱ्या शिक्षकाची सहीही नानांचीच. दोन्ही एकाच निळ्या शाईत, पूर्ण नाव आणि आडनावासकट.