फुकटचा खेळ

२४ नोव्हेंबर १९९३ ची रात्र मला अजून आठवते. हीरो चषकाचा उपान्त्य सामना कलकत्त्यात रंगला होता आणि सोलापुरात आमच्या दोनखणी खोलीत चाळीतली वीस माणसे दाटीवाटीने बसली होती. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला ६ धावा हव्या होत्या. सचिनने तीनच दिल्या. काय तो जल्लोष! आणि तोही फुकट!

त्या स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना नि सरकार यांच्यात कोर्टकज्जा चालू होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता, सरकारची मक्तेदारी नव्हे. मग बाजार खुला झाला. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. हा पैसा येतो कोठून? थोडा वर्गणीतून, बराचसा जाहिरातींतून. जाहिरातदार खेळ विकत घेत नाही. आपले पाहणे विकत घेतो. आपण स्वतःला गिऱ्हाईक समजतो, आणि असतो मात्र माल!

हा हिशेब परवा मी आईला मोठ्या ऐटीत समजावून सांगितला. तांदूळ निवडता निवडता तिने विचारले, "अरे, मग माझ्या पाटल्यांचे पैसे कुणी दिले?"

मी गप्प झालो. आमचा टीव्ही त्या पाटल्या गहाण ठेवून आला होता. त्या पुढे सुटल्याच नाहीत. आणि त्या रात्री वीस जणांचा चहा करता करता तिचे शेवटचे षटकसुद्धा पाहायचे राहून गेले होते.