कागदाचें पूर्वायुष्य

हौशी चित्रकाराचें एक मोठें सुख असें कीं, त्याच्या चित्राची कोणी वाट पाहत नसतें. आमचें एक चित्र गेल्या आषाढापासून भिंतीस टेकून उभें आहे. तें पुरें केव्हां होणार, असें घरांत अद्याप कोणीं विचारलेलें नाहीं. विचारतात तें निराळेंच : "हें आहे तरी काय?" रत्नागिरींत राहून आम्ही मांडवीचा धक्का, भगवतीचा किल्ला किंवा थिबा राजाचा वाडा यांपैकीं कांहींच काढीत नाहीं, याचें शेजाऱ्यांस मनापासून वाईट वाटतें. अशा वेळीं आम्ही कातळशिल्पांचा आश्रय घेतों. उक्षीच्या सड्यावर कोरलेला हत्ती पाहतांच कळतो. देवीहसोळच्या चौकोनांत गुंतलेल्या रेषा म्हणजे काय, हें निश्चित कोणास सांगतां येत नाहीं. तरीहि कोकणांतील हीं शिल्पें २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत गेलीं. शेजारी ऐकून घेतात. त्यांचें समाधान होत नाहीं, हें उघडच आहे.

आमचें चित्र अर्धें रंगाचें आणि अर्धें चिकटवलेल्या कागदाचें. १९१२ सालीं पिकासोनें वेताची वीण छापलेलें मेणकापड एका चित्रांत चिकटविलें. त्याच वर्षीं ब्राकनें लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून वापरला. तेव्हांपासून कोलाज ही कला प्रतिष्ठित झाली. आमच्यासारख्यास ती परवडते, कारण आंब्याच्या पेटींतील रद्दी, कुंकवाचीं बोटें उमटलेल्या लग्नपत्रिका आणि जुनीं पंचांगें घरांत फुकट मिळतात. खळ मात्र आमच्या हवेंत छळते. श्रावणांत ती चार चार दिवस वाळत नाहीं. मोरचूद घातला नाहीं तर कागदाच्या कडेस बुरशीची हिरवी किनार येते. एकदां ती किनार इतकी सुरेख जमली होती कीं, पुसून टाकणें आमच्या जिवावर आलें.

परंतु खरी अडचण खळीची नाहीं. चित्राच्या उजव्या कोपऱ्यास फिकट, मळकट पिवळा रंग हवा होता. तो नळींतल्या रंगांतून साधेना. तो सांपडला पत्र्याच्या ट्रंकेंत, वडिलांच्या मनिऑर्डरींच्या कुपनांवर.

टपालखात्यानें मनिऑर्डरीचें काम १८८० सालीं सुरू केलें, आणि पुढें कोकणांतील किती चुली त्या कागदावर पेटल्या, हें वाचकांस सांगावयास नको. आमचे वडील १९६८ ते १९७९ पर्यंत मुंबईहून दरमहा पैसे पाठवीत. कुपनावर चार शब्दांची जागा असे. "पावसापूर्वीं घर शाकारून घ्यावें." "मुलांस चष्मा लागला काय तें कळवावें." याहून अधिक भावना त्या जागेंत मावत नसत, किंवा त्यांस मांडतां येत नसत.

आतां असें हस्ताक्षर चित्रांत आलें कीं पाहणारा चित्र पाहत नाहीं, तो वाचूं लागतो. आणि वाचूं लागला कीं पिवळा रंग पिवळा राहत नाहीं. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवून उचलून घेत. त्यांचा कागद आपलें काम करून निघून जाई, मागें केवळ रंगाची खूण उरे. आमच्या कुपनास तसें जाऊं द्यावें कीं ठेवून घ्यावें, या विचारांत दोन महिने गेले.

शेवटीं आईस विचारलें. तीं कुपनें तिच्या नांवाचीं होतीं. तिनें चष्मा लावून एक एक उलगडलें आणि म्हणाली, "मला हीं सगळीं पाठ आहेत. ने तूं. पण कात्री लावूं नकोस हो."

आम्हीं १९७१ चें एक कुपन निवडलें आणि अक्षरें आंत करून चिकटविलें. दौतीची शाई ओलाव्यानें मागें फुटलेली होती. खळ लागतांच ती आणखी वर आली. ओळी उलट्या दिसतात, वाचतां येत नाहींत. पण तेथें कोणी कांहीं लिहिलें आहे, एवढें लपत नाहीं. आई चित्रापुढें थोडा वेळ उभी राहिली आणि तिनें तो मजकूर आम्हांस म्हणून दाखविला.

कुपन कापावयाचें नाहीं म्हटल्यावर बाकीच्या चित्रानेंच त्याच्या मापानें वागलें पाहिजे. जांभ्याच्या रंगाचा तांबडा पट्टा आतां चार बोटें वर घ्यावा लागेल, आणि खालचा थर वाळावयास या हवेंत निदान आठवडा जाईल.